कल्हई उडालेला गंज

मी एक जुना पितळी गंज आहे. हसू नका, मित्रांनो. मोठ्या पातेल्याला आमच्या गोंदियाकडे गंज म्हणतात, आणि मी तर साऱ्या गावाचा गंज. घरातले वरणाचे गंज माझ्या पोटात पाच-दहा सहज बसतील. मला उचलायला चार गडी लागतात आणि चौघेही उचलताना कुरकुरतात. सध्या मी रेवारामच्या छपरीत पालथा पडलो आहे. माझ्यावर रोज एक कोंबडी येऊन बसते आणि नको ते करून जाते. तिला हाकलायला मला हात नाहीत. दोन कान तेवढे आहेत, आणि त्या कानांनी मी या गावात पुष्कळ ऐकलं आहे.

आधीच सांगतो, माझी गोष्ट गोड नाही. मला ती सांगताना अजूनही राग येतो. पण कुणीतरी सांगायला हवी, आणि माणसं सांगणार नाहीत.

माझा जन्म १९९९ सालचा. आमचं गाव दवनीवाड्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. तोवर गावात लग्न निघालं की मोठी भांडी गोंदियाहून भाड्याने यायची. एका लग्नात असल्याच एका भाड्याच्या गंजाचा तळ फुटला, भात चुलीत गेला आणि वऱ्हाडी उपाशी राहिले. गावाची पार शोभा झाली. तेव्हा रेवाराम म्हणाला, गावाचं स्वतःचं भांडं पाहिजे. रेवाराम म्हणजे गावातला मोठा शेतकरी, शांत आणि मानाचा माणूस. तो घरोघर फिरून पितळेची मोड गोळा करू लागला. कुणी फुटका गुंड दिला, कुणी चेपलेला गडवा, कुणी दांडा तुटलेली पळी.

किराणा दुकानवाल्या नंदलालच्या घरी त्याची बायको देवकाबाई माहेरची समई घेऊन बाहेर आली. समई धडधाकट होती. रेवाराम म्हणाला, "बाई, हे तं चांगली हाय." देवकाबाई म्हणाली, "गावाच्या भांड्यात समदंच फुटकं कायले टाकाचं, भाऊजी? काहीतरी चांगलं बी असू द्या."

सगळी मोड भंडाऱ्याला गेली. तिथल्या कारागिरांनी ती वितळवली, तिचा पत्रा काढला आणि मला असं काही ठोकलं की आजही आठवलं तरी अंग झिणझिणतं. माझ्या अंगात कोणत्या जागी कोणाचा गडवा आहे आणि कोणत्या जागी देवकाबाईची समई, ते मलाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, पितळेच्या भांड्याची एक खोड असते. त्याला आतून कथलाचा पातळ हात द्यावा लागतो. त्याला म्हणतात कल्हई. कल्हई आहे तोवर आमच्यात काहीही शिजवा. ती उडाली की साधा भात चालतो, पण ताक, चिंच, आंबाडी असलं आंबट टाकलं तर ते कळकतं. म्हणजे पितळ अन्नात उतरतं आणि खाणाऱ्याच्या पोटात मुरडा येतो, उलट्या होतात. म्हणून आमच्या जातीचं भांडं बाहेरून कितीही चकाकलं तरी शहाणी बाई आधी आत पाहते.

अशी शहाणी बाई म्हणजे रेवारामची बायको, राजकुमारी. मी तिच्याच छपरीत राहायचो आणि माझ्यात काय शिजेल हे तीच ठरवायची. प्रत्येक लग्नाआधी ती माझ्यात अर्धी वाकून आत बोट फिरवायची. बाकीच्यांना कुठली तेवढी अक्कल?

दर वर्षी दिवाळीची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, उरकली की वैनगंगेपलीकडून, बालाघाटकडून छोटेलाल यायचा. तो कल्हईवाला. रेवारामच्या आंगणात खड्डा करून तो भाता लावायचा, मला निखाऱ्यांवर तापवायचा, नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, पोरं खोकत पळायची आणि परत यायची. मग कापसाच्या बोळ्याने तो कथील माझ्या आतून फिरवायचा आणि मी चांदीसारखा व्हायचो. छोटेलाल फार बोलायचा नाही. काम झालं की आत तोंड घालून स्वतःचं तोंड पाहायचा आणि मिशी नीट करायचा. मला तो माणूस आवडायचा.

आमच्याकडे लग्नघरी हात द्यायची पद्धत होती. नुसतं जेवायला जाणं म्हणजे परक्यासारखं वागणं. सकाळपासून घराघरातून एक-एक माणूस यायचा. कुणी लाकडं फोडायचा, कुणी वांगी चिरायचा, बाया तांदूळ निवडायच्या. नंदलालकडे चूल असायची. कोणतं लाकूड केव्हा ओढायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. राखेने तोंड काळं करून तो सगळ्यांची टिंगल करायचा. रेवारामच्या शेजारच्या खेमराजला म्हणायचा, "तू भात ढवळून राहिला का बांधीत चिखल करून राहिला?" नंदलालचा आजा बाहेरून या गावात दुकान घालायला आला होता. नंदलाल इथेच जन्मला, इथल्याच शाळेत मार खाऊन शिकला. तो बाहेरचा आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्याच्याही नव्हतं.

मग २००६ साली भुवनेश्वर गावात परत आला.

तो याच गावचा, तिशीतला. काही वर्षं नागपूरला कुणा पुढाऱ्याच्या कार्यालयात काम करून आला होता. तुम्हाला वाटेल, असा माणूस आला की मंडप घालतो, भोंगा लावतो, भाषण ठोकतो. भुवनेश्वरने यातलं काहीच केलं नाही. तो लग्नघरी सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा आणि आलू सोलायला बसायचा. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. पंगतीत वाढायचा आणि स्वतः शेवटी जेवायचा. बाया म्हणायच्या, असा लेक देवाने सगळ्यांना द्यावा. मलाही तो चांगलाच वाटला होता. खोटं कशाला बोलू?

आलू सोलता सोलता तो एखादा प्रश्न विचारायचा. एकदा खेमराजच्या घरच्या लग्नात त्याने विचारलं, "काकाजी, आपल्या तलावाच्या मासोळीचा ठेका गोंदियाच्या मानसाले कसा काय भेटते?"

खेमराज म्हणाला, "भेटते बा. पयलेपासून भेटते."

"नाई, मी काही म्हनत नाई. फक्त इचारून राहिलो."

प्रश्न खरा होता. ठेका खरंच लबाडीने जात होता. गावकरी पंचायतीत जाऊन भांडले आणि पुढच्या साली तो ठेका गावातल्याच मासेमारांना मिळाला. भुवनेश्वरची वाहवा झाली. इथेच पाहा, मित्रांनो, त्याचा पहिला प्रश्न खोटा असता तर दुसरा कुणी ऐकला नसता.

दुसरा प्रश्न त्याने पुढच्या लग्नात टाकला. "मंग गावात आखीन काय काय बाहेरच्याच्या हातात हाय?" एवढं विचारून तो पत्रावळी आणायला निघून गेला. चुलीभोवती बसलेले लोक विचार करू लागले. नंदलाल तिथेच बसून फुंकणीने जाळ फुंकत होता. तो हसून म्हणाला, "तुमचा जाळ माह्या हातात हाय, आनखी काय?" सगळे हसले. पण हसण्याआधी थोडा वेळ गेला. मी भात शिजवत होतो, तरी तो वेळ मला जाणवला.

त्यानंतर मी एक विचित्र गोष्ट पाहिली. महिन्याभराने एका तेरवीला मला नेलं. तिथे भुवनेश्वर नव्हताच. खेमराज कांदे चिरता चिरता म्हणाला, "गावातलं दुकान बी बाहेरच्याचंच हाय म्हना." पुढे एका बारशात एक म्हातारी म्हणाली, "आपल्या गावात आपली मानसं पाह्यजेत बाप्पा, मी तं पयलेपासून म्हनून राहिली." ती पहिल्यापासून काहीही म्हणत नव्हती. पहिल्यापासून ती फक्त सुनेला शिव्या देत होती. मी तिला चांगला ओळखतो. पण आता ते तिचं स्वतःचं मत झालं होतं आणि कुणी खोडलं असतं तर ती भांडली असती.

असा तो विचार घरोघर गेला. भुवनेश्वरला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. मीच जात होतो, आणि माझ्याभोवती बसलेली माणसं त्याचं काम करत होती. वर्षाभरात 'आपला गाव मंडळ' अशी पाटी लागली. पोरांनी सारखे सदरे शिवले. भुवनेश्वर तेव्हाही आलूच सोलत होता. त्याच्या मनात नेमकं काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित लोक आपलं ऐकतात याचीच त्याला चटक लागली असेल.

२००८ ची मंडई झाली आणि छोटेलाल नेहमीसारखा सायकलवर भाता बांधून आला. आंगणात खड्डा करायला बसला, तोच मंडळाची पोरं आली आणि मागून भुवनेश्वर. तो कुणावर ओरडला नाही. रेवारामच्या बाजूला बसून त्याने हळूच विचारलं, "काकाजी, हा मानूस घराघरात जाऊन भांडे पाह्यते. कोनाच्या घरी काय हाय, याले सारं माहीत. पन याच्या घरी कोन जाऊन पाह्यलं? याले वळखते कोन?"

रेवाराम नऊ वर्षं त्याला ओळखत होता. त्याला चहा द्यायचा, पोराबाळांची खुशाली विचारायचा. एवढंच म्हणायचं होतं की मी ओळखतो. पण भोवती पोरं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. रेवाराम खोकला. मग त्याने पागोटं नीट केलं. मग तो पुन्हा खोकला.

छोटेलालने भाता परत सायकलला बांधला. राजकुमारी दारात उभी होती. जाताना तो तिला म्हणाला, "भौजी, अंदर से घिस गया है। इसमें खट्टा मत डालना।" ती म्हणाली, "हो भाऊ, नाई टाकू." तो गेला आणि पुन्हा आला नाही. दुसराही कुणी कल्हईवाला आला नाही, कारण नदीपलीकडे ही बातमी पोचायला किती वेळ लागतो?

राजकुमारी रेवारामवर दोन दिवस धुमसत होती. "खोकल्याची गोळी आनून देऊ का?" असं एकदा तिने विचारलंही. पुढची दोन वर्षं तिने मला डोळ्यात तेल घालून सांभाळलं. जिथे मी जाई तिथे ती सोबत जाई आणि बजावे, "याच्यात भातच. कढी दुसऱ्या भांड्यात." लोकांना कारण माहीत नव्हतं, पण राजकुमारीशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. बाहेरून मला राख-चिंचेने घासत होते. मी झकास चमकत होतो. आतून मात्र माझी पिवळी कातडी उघडी पडली होती.

२०१० च्या उन्हाळ्यात नंदलालच्या मुलीचं, रुचीचं लग्न ठरलं. वरात कामठ्याहून येणार होती. देवकाबाईने घरोघर जाऊन आवतन दिलं. दुकानावर लोक येत होते, पण बोलणं कमी झालं होतं, हे तिला दिसत होतं. तिला एकच काळजी होती. लेकीच्या लग्नात गाव आलं पाहिजे. गाव आलं नाही तर वरातीसमोर मान खाली जाईल आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. ती रेवारामच्या दारात आली तेव्हा तिने आवतन तीन-तीनदा दिलं.

त्याच सायंकाळी छपरीत मंडळाची बैठक बसली. काही पोरं म्हणाली, जायचंच नाही. भुवनेश्वर म्हणाला, "असं कसं? आवतन मोडू नये. आपन जाऊ, जेवू, येऊ. पन हात कायले लावाचा? त्याईचे पावने येऊन राहिले ना गोंदियावरून, ते पाह्यतीन." हे सगळ्यांना फार समंजस वाटलं. रेवारामलाही. त्याला वाटलं, आपण मोठं भांडण टाळलं. "तेवढं तं चालते," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी नंदलाल स्वतः मला न्यायला आला. सोबत देवकाबाईचे तीन भाऊ होते. त्याने इकडे-तिकडे पाहिलं. दर वेळी मला उचलायला धावणारा खेमराज आपल्या ओट्यावर दात घासत बसला होता आणि त्याचे दात काही केल्या घासून होईनात. नंदलाल राजकुमारीला म्हणाला, "वहिनी, तुमी नाई येऊन राहिल्या?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे पाहत होता. "येतो ना, जेवाले येतो," ती म्हणाली आणि तिला इतकी लाज वाटली की ती पदर सावरत आत निघून गेली. कल्हईचं सांगायचं राहून गेलं. मित्रांनो, मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. चार पावलांवर ती होती, दोन शब्दांचं काम होतं. मला बैलबंडीत चढवलं आणि बंडी निघाली.

नंदलालच्या आंगणात त्या दिवशी शहरातले हात होते. ते चांगले लोक होते, मेहनती होते, पण त्यांच्या घरी स्टीलची भांडी. देवकाबाईचा भाऊ म्हणाला, "ये बड़ा वाला बढ़िया चमक रहा है, कढ़ी इसी में बनाओ." आत बोट फिरवणारं कुणी नव्हतं. देवकाबाई मुलीला हळद-चुडा करण्यात गुंतली होती. नंदलाल नेहमीप्रमाणे खाली वाकून जाळ पाहत होता. त्याला आयुष्यभर माझा तळच माहीत, आतलं कधी त्याच्याकडे नव्हतंच. माझ्यात आंबट ताक पडलं आणि माझं अंग चुरचुरू लागलं.

वरात दुपारी जेवली. कढी तेव्हा नुकतीच उतरली होती. कुणाला काही झालं नाही. गावाची पंगत ऊन कलल्यावर होती. तोवर ती कढी तासन् तास माझ्यात उभी होती आणि मी तिच्यात उतरत होतो. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पितळ आहे मी, पितळाने वागायचं तसंच वागणार.

आणि गाव आलं. सगळं गाव आलं. देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लोक रांगेत बसले, खाली मान घालून जेवू लागले. कुणी वाढायला उठलं नाही, कुणी टिंगल केली नाही. पण तिला तेवढंही पुष्कळ होतं. ती स्वतः कढीचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होती. "घ्या ना भाऊजी, आखीन घ्या. राजकुमारीबाई, नातनीले द्या ना थोडी." ज्याला-त्याला तिने आग्रह करून वाढली. नातीने, चार वर्षांच्या ओमेश्वरीने, वाटी तोंडाला लावून संपवली. राजकुमारीने कढीला तोंड लावलं आणि तिचा घास थांबला. चव ओळखीची होती, कळकल्याची. तिने मान वळवून चुलीकडे पाहिलं आणि माझ्या कडेला चिकटलेली कढी तिला दिसली. तोवर पंगत उठत होती.

दिवेलागणीच्या आधीच गावात उलट्या सुरू झाल्या. घराघरातून कण्हण्याचे आवाज येत होते. ओमेश्वरीची अवस्था सर्वांत वाईट. तिला जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं. रुचीची पाठवणी कशी झाली ते कुणी पाहिलं नाही. ती रडत गाडीत बसली, तेव्हा वेशीपर्यंत सोडायला तिचे आई-बाप तेवढे होते.

मेलं कुणी नाही, मित्रांनो. ओमेश्वरीही तीन-चार दिवसांत घरी आली. पण भुवनेश्वरचा तिसरा प्रश्न तिच्या आधी गावात पोचला होता. "वरातीतल्या एकाबी मानसाले काही नाई झालं. फक्त आपल्याच लोकाईले कसं काय झालं? मी कोनाचं नाव घेत नाई."

त्याने नाव घेतलं नाही. ते घ्यायला सगळं गाव होतं.

इकडे मी छपरीत परत आलो तेव्हा राजकुमारीने मला कलतं करून आत पाहिलं. माझ्या आत सांध्याला हिरवा थर बसला होता. ती तिथेच मातीत बसली. मग उठून रेवारामला म्हणाली, "बंडी जुपा. गंज बैठकीत न्याचा हाय."

"आता कोन आयकते?" रेवाराम म्हणाला.

"तुमी नका बोलू. तुमी बसा खोकत. मी बोलतो."

समाज मंदिरापुढे बैठक भरली होती. एका बाजूला नंदलाल आणि देवकाबाई हात जोडून उभे होते. राजकुमारीने मला सगळ्यांसमोर आडवं पाडलं. "पाहा," ती म्हणाली. "हे हिरवं पाहा. कल्हई उडाली हाय. कढी कळकली. या बाईनं कोनाले जहर नाई देलं. दुपारी ताजी होती म्हनून वरातीले नाई बाधली, आपल्या पंगतीपर्यंत कळकली. हे साधी गोष्ट हाय, कोन्या बी म्हातारीले इचारा."

म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना कळलं होतं. त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. खेमराजलाही कळलं होतं. तो पुढे झुकून माझ्यात पाहत होता. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

भुवनेश्वर उठला. त्याने नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं, "काकी, मंग दोन वर्सं कल्हई कायले नाई केली?"

उत्तर प्रत्येकाला ठाऊक होतं. कल्हई झाली नाही, कारण आपण छोटेलालला हाकललं. कढी माझ्यात पडली, कारण आपण हात द्यायला गेलो नाही. हे म्हणायचं तर प्रत्येकाला स्वतःचं नाव घ्यावं लागलं असतं. नंदलालचं नाव घेणं त्यापेक्षा फार सोपं होतं. राजकुमारीने रेवारामकडे पाहिलं. साऱ्या गावाने ज्याचं ऐकलं असतं असा तो एकटाच माणूस तिथे होता, आणि तो पुन्हा खोकला. खेमराज मागे सरकून बसला आणि म्हणाला, "गंज तं आपल्या बी घरी वापरला ना, दोन वर्सं. तेव्हा काऊन नाई झालं?" तेव्हा माझ्यात फक्त भात शिजत होता, हे त्याला माहीत होतं. तोच तर ढवळत होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच. दुकानावर कुणी जाईनासं झालं. एका सकाळी शटरवर शेण फासलेलं होतं. नंदलालने ते धुतलं. पावसाळा लागायच्या आत त्याने घर आवरलं आणि टेम्पो भरून गोंदियाला निघून गेला. रुचीच्या सासरच्यांनी तिला काही म्हटलं नाही, ते भले लोक. पण पोरीला माहेरच उरलं नाही. गावात नागपंचमी, पोळा, दिवाळी झाली. ज्या घरी ती यायची त्या घराला कुलूप होतं. पुढच्या निवडणुकीत भुवनेश्वर बिनविरोध सरपंच झाला. मला वाटतं, त्या लग्नाच्या दिवशीच तो झाला होता.

मला आता कुणी नेत नाही. मी जहराचा गंज. लग्नाचं जेवण गोंदियाचे केटरर्सवाले करतात. लोक येतात, जेवतात, हात धुऊन जातात. चुलीभोवती बसून कुणी कुणाची टिंगल करत नाही.

पण गोष्ट संपली नाही, मित्रांनो. तेच तर मला सांगायचं आहे. बाहेरच्यांना काढून झालं की प्रश्न थांबेल असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. हे २०१३ साल आहे. राजकुमारी बैठकीत उभी राहिली होती, ते कुणी विसरलेलं नाही. परवा ती छपरीत माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती. ओमेश्वरी आता सात वर्षांची आहे. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, तुहं माहेर नदीपलीकडं हाय ना? मंग तू बी बाहेरचीच होय ना?"

राजकुमारीचा हात सुपात तसाच राहिला. "कोन सांगतलं तुले?"

"कोनी नाई," ओमेश्वरी म्हणाली. "मलेच वाटलं."

रेवाराम तिथेच खाटेवर होता. या वेळी तो खोकलाही नाही. राजकुमारीने नातीचं डोकं हळूच खाली ठेवलं, उठली आणि भर दुपारी आंगणाचं दार आतून लावून घेतलं.

ओमेश्वरी वाईट मुलगी नाही. ती तुमच्याच वयाची आहे. तिला पुढच्या वर्गात तुम्ही भेटाल, कदाचित तुमच्याच बाकावर बसेल. तिने तुम्हाला कुणाविषयी हाच प्रश्न विचारला तर हसू नका, गप्प बसू नका. रेवारामने एकदा 'मी ओळखतो' एवढं म्हटलं असतं तर बस होतं. तुम्ही ते म्हणा. ओरडून म्हटलं तरी चालेल. मी पितळेचा आहे, मला फक्त ऐकता येतं.